कोणती मूलद्रव्ये निसर्गात शुद्ध रूपात सापडतात? ठाण्याच्या आसपास एखादं मिळेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे: मिळेल, आत्ता तुमच्या श्वासातच आहे. कोरड्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि ०.९३ टक्के आरगॉन असतो. तिन्ही मूलद्रव्यं, तिन्ही मोकळी.

जमिनीतली नेहमीची नावं म्हणजे सोनं, प्लॅटिनम, चांदी, तांबं, पारा, बिस्मथ, गंधक आणि कार्बन (हिरा व ग्रॅफाइट). खाणीतल्या सोन्यात बहुधा थोडी चांदी मिसळलेली असते, म्हणून 'शुद्ध' याचा अर्थ इथे 'संयुगात न अडकलेलं' एवढाच घ्या.

पण नुसती यादी पाठ करू नका. मी कळव्यात रसायनशास्त्र शिकवतो आणि मुलांना पारसिकच्या डोंगराकडे बघायला सांगतो. हा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. दख्खनच्या या खडकातल्या पोकळ्यांत सहसा झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी खनिजं भरलेली दिसतात. अमेरिकेत लेक सुपीरियरच्या काठी कीविनॉ इथेही असाच, पण कितीतरी जुना बेसाल्ट आहे. तिथल्या पोकळ्यांत गरम पाण्याने चक्क तांबं आणून भरलं! तिथले मूळ रहिवासी हजारो वर्षांपूर्वी ते खणून, ठोकून त्याची हत्यारं करत, भट्टीत वितळवण्याची गरजच नव्हती.

लोखंडाचंही तसंच. आपल्या कातळात लोह भरपूर, पण ऑक्सिजनने बांधलेलं. ग्रीनलंडच्या डिस्को बेटावर मात्र वर येणारा शिलारस कार्बनयुक्त गाळाच्या थरांतून गेला, त्या कार्बनने ऑक्सिजन ओढून घेतला आणि बेसाल्टमध्येच धातुरूप लोखंड तयार झालं. म्हणजे मूलद्रव्याचा स्वभाव एकटा ठरवत नाही, त्याला शेजार कोणाचा मिळतो हेही ठरवतं.

म्हणूनच मला सगळ्यात मोठं नवल ऑक्सिजनचं वाटतं. सोनं आणि आरगॉन मोकळे राहतात, कारण ते सहसा कुणाशी संयोग पावत नाहीत. ऑक्सिजन तर लोखंड गंजवतो, लाकूड जाळतो. तरीही तो हवेत उरतो, कारण झाडं आणि शैवाल तो सतत नव्याने सोडत असतात. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत हवेत तो जवळजवळ नव्हताच. सायनोबॅक्टेरियांनी, म्हणजे झाडांसारखं प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंनी, तो आणला. जिथे तो पोहोचत नाही ती जागा बघायची असेल तर ऐरोलीला खाडीकाठी जा. खारफुटीतला वरचा चिखल थोडा बाजूला केला की खाली काळाकुट्ट गाळ लागतो, सडक्या अंड्यांचा वास येतो. तिथे लोह गंधकाशी जोडलेलं असतं.

शेवटी फ्लोरीन. पुस्तकांत लिहिलेलं असतं की तो इतका क्रियाशील आहे की मोकळा सापडूच शकत नाही. पण जर्मनीत बव्हेरियातल्या व्योल्सेनडॉर्फच्या जांभळट काळ्या फ्लोराइटमध्ये (कॅल्शियम आणि फ्लोरीनचं खनिज), म्हणजे अँटोझोनाइटमध्ये, तो बारीक पोकळ्यांत कोंडलेला आहे. आतल्या युरेनियमच्या किरणोत्सारामुळे फ्लोराइट तुटून तो सुटा होतो. दगड फोडल्यावर येणारा उग्र वास नेमका कशाचा, यावर जवळपास दोनशे वर्षं वाद चालला. अखेर २०१२ साली जर्मन संशोधकांनी तो फ्लोरीनच असल्याचं थेट दाखवलं. तुमच्या यादीत तोही लिहा, सोबत खनिजाचं नाव द्या.