चाळीस पोस्टरं आणि एक खोका

प्रश्न : आमचं महिला मंडळ वडोदऱ्यात, दांडिया बाजारात आहे. अमेरिकेतली गुलामगिरी आणि नागरी हक्कांचा लढा यावर शाळाशाळांतून फिरवायला आम्ही चाळीस पोस्टरं छापली. पहिल्याच शाळेत मुलं पाच मिनिटांत बाहेर! काय चुकलं?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, चाळिशी लावूनही मला चाळीस पोस्टरं एका दमात वाचवणार नाहीत, पोरांचं काय घेऊन बसलात! जन्मभर चित्रकला शिकवली, म्हणून हक्कानं सांगतो, निम्म्याहून जास्त काढून टाका.

हेन्री ब्राउनला मात्र ठेवा. व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये तंबाखूच्या कारखान्यात राबणारा गुलाम. बायकामुलं विकली गेली, तेव्हा १८४९ साली यानं स्वतःलाच खोक्यात बंद करवून फिलाडेल्फियाला पार्सलानं पाठवलं. २७ तासांचा प्रवास, त्यातला काही डोकं खाली, पाय वर. पुढच्याच वर्षी त्यानं गुलामगिरीची चित्रं लांबच लांब कापडावर रंगवून घेतली. कापड रुळांवरून सरकवायचं आणि शेजारी उभं राहून गोष्ट सांगायची. आपला चित्रकथीच म्हणा ना. पळालेल्या गुलामांना धरून परत देण्याचा कायदा १८५० मध्ये आला, तसा तो इंग्लंडला गेला आणि तिथं गावोगाव हेच दाखवत हिंडला.

खोका ३ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट ८ इंच खोल होता. खऱ्या खोक्यात कुणाला कोंबू नका, जमिनीवर खडूनं ३ बाय २ चा चौकोन आखा. मी नातवाला तसं बसवलं. गुडघे छातीशी, मान खाली. ‘झालं का आजोबा?’ घड्याळात दीड मिनिटही झालं नव्हतं.

भिंतीवर जेकब लॉरेन्स या अमेरिकी चित्रकाराची तीन-चार चित्रं पुरेत. दक्षिणेतून उत्तरेकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांवर त्यानं १९४१ पर्यंत ६० चित्रं केली. एकेक रंग घेऊन तो सगळ्या चित्रांच्या फळ्यांवर लावत जायचा. प्रत्येक चित्राखाली मोजक्या ओळी. तुमच्या पोस्टरांवर त्या जागी अख्खा निबंध असणार, खरं ना?

शेवटी फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची (१८७३) अर्पणपत्रिका मोठ्यानं वाचून घ्या. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच ती अर्पण केलेली आहे. मग मुलांना कमाटीबागेत न्या. १९१७ मध्ये परदेशातून शिकून आलेल्या आंबेडकरांना आपल्याच वडोदऱ्यात राहायला खोली मिळेना, ते तिथं झाडाखाली बसले होते, हे तिथंच सांगा.

उरलेल्या पोस्टरांची मागची बाजू कोरी असेल, तर ती मुलांना चित्रं काढायला द्या.