ज्ञानरचनावादामुळे शाळेतलं विज्ञान खरंच बदललं, की नुसतं नाव नवं आलं?

तुम्ही लिहिलंय, की सातवीतल्या मुलीच्या बाई आता नोट्स देत नाहीत, वर्गात चर्चाच जास्त होते, आणि याला रचनावाद (ज्ञानरचनावाद) म्हणतात, म्हणजे मुलानं ज्ञान आयतं न घेता आपल्या आधीच्या समजुतीवर स्वतः रचायचं. मीही माध्यमिकला विज्ञान शिकवते. बदल झालाय, पण सगळीकडे नाही. २०१५ मध्ये राज्य सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाल्यावर अनेक शाळांच्या फरश्या रंगल्या आणि लोक त्यालाच रचनावाद समजू लागले. विज्ञानातला खरा बदल प्रयोगाच्या आधीच्या पाच मिनिटांत असतो.

एक सेल आणि दोन सारखे बल्ब एकसर जोडणीत (एकापुढे एक) लावायचे, पण स्विच बंदच ठेवायचा. कुठला बल्ब जास्त उजळेल ते मुलांनी आधी लिहायचं. बरीच मुलं पहिला म्हणतात: “त्यानं करंट खाल्ला की दुसऱ्याला कमी उरणार ना, बाई!” मग स्विच लावायचा. दोन्ही सारखेच उजळतात आणि वर्गात वाद पेटतो. (बल्ब आधी तपासून घ्यावे लागतात. त्यांच्यात थोडा फरक असला तरी सगळा धडा उलटा जातो.) मग दोन्ही बाजूंना अमीटर लावून धारा, म्हणजे करंट, मोजायची. धारा तेवढीच आहे, तर मग सेलमधलं संपतं काय? ऊर्जेचा धडा इथून सुरू करता येतो.

‘एकसर जोडणीत धारा सर्वत्र समान असते’ हे वाक्य पाठ करून पूर्वीही मार्क मिळत होते, पण करंट खाणारा बल्ब डोक्यात तसाच राहायचा. मूल कोरं नसतं, स्वतःची समजूत घेऊन वर्गात येतं, हे मानसशास्त्रज्ञ पियाजेपासून सांगितलं जात होतं. १९८०च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये आणि इंग्लंडात लीड्सला रोझलिंड ड्रायव्हर यांच्यासारख्या संशोधकांनी मुलांच्या अशा समजुती बारकाईनं नोंदवल्या. त्यांत ही करंटची समजूतही होती.

पण मुलांना नुसतं ‘शोधा’ म्हणून सोडून देणं मला मान्य नाही. नवशिक्याची कार्यकारी स्मृती (एका वेळी डोक्यात धरता येणाऱ्या गोष्टींची जागा) लवकर भरून जाते, म्हणून मार्गदर्शन हवंच, असं किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी २००६ मध्ये ठामपणे मांडलं. वाद झाल्यावर शिक्षकानं स्पष्ट समजावून सांगायलाच हवं.

सगळ्यात मोठी अडचण परीक्षेची. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ मध्ये १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. तिथे परीक्षाही बदलली: लेखी पेपरला पुस्तक आणि वही जवळ ठेवायची मुभा, शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा. त्यामुळे पाठांतराचा उपयोगच उरला नाही. कार्यक्रम शेकडो शाळांत पोचला, तरी २००२ मध्ये सरकारनं बंद केला, याचं मला आजही वाईट वाटतं. आपल्याकडे शिकवणं बदलतंय, पण पेपर अजून बराचसा व्याख्याच विचारतो.

मुलीची वही उघडून बघा. प्रयोगाआधीचा तिचा अंदाज आणि नंतर तिच्या शब्दांतलं कारण, दोन्ही असेल तर नोट्सची काळजी करू नका. चर्चा होऊनही कारण लिहिलं जात नसेल, तर बाईंशी जरूर बोला.