‘हमबकर’मधला बकर

प्रश्न असा आहे: “इलेक्ट्रिक गिटारच्या ‘हमबकर’ पिकअपमधला ‘बकर’ कोण? आणि हमबकर म्हणजे जाड आवाज, सिंगल कॉइल म्हणजे पातळ, हा अर्थ बरोबर का?”

‘पिकअप’ सोडून देतो, तारेचं कंपन उचलतो तो पिकअप. ‘हम’ म्हणजे विजेची घूं. ट्यूबलाइटच्या जुन्या चोकजवळ सिंगल कॉइलची, म्हणजे तारेचं एकच वेटोळं असलेल्या पिकअपची, गिटार नेली की ती ऐकू येते.

गंमत आहे ‘बक’मध्ये. इंग्रजीत ‘बक’ म्हणजे नर हरीण, पण त्याआधी बोकड. बोकडासारखी पाठ कमानीसारखी करून उधळणारा, स्वाराला खाली आपटणारा घोडा ‘बक’ करतो. त्यावरून अमेरिकेत ‘बक’ म्हणजे आडवं जाणं, झुगारणं. तेव्हा हमबकर म्हणजे घूं पाठीवरून फेकून देणारा. ‘-अर’ हा नुसता ‘करणारा’ दाखवणारा प्रत्यय. आपला बकरा ‘बर्कर’वरून आलेला, त्याला यात ओढू नका.

बोकडाला मात्र मी ओढणार. फारसीत बकरीला ‘बुझ’ म्हणतात. अफगाणांचा बुझकशीचा खेळ त्यावरूनच. हा ‘बुझ’ आणि इंग्रजी ‘बक’ एका कुळातले असावेत, असं व्युत्पत्तिकार मानतात. संस्कृत कोशांत बोकडाला ‘बुक्क’ही सापडतो. मग बुक्क, बोकड आणि बक हे भाऊबंद नाहीत, हे मला कुणी पटवून द्यावं. ‘बोकड देशी आहे, ध्वनिनियमांत बसत नाही’ असं सांगून पंडित हा धागा तोडतात. बोकडाला हाक मारताना तोंडातून निघणारा आवाज ध्वनिनियमांना विचारून निघत नसतो!

असो. ‘मस्त हमबकर साउंड आहे’ हे दुकानात ऐकलं की माझं डोकं फिरतं. हमबकर हे आवाजाचं नाव नाही, कामाचं आहे. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ साली पेटंटचा अर्ज केला तो घूं मारण्यासाठी. दोन कॉइल उलट जोडायच्या, त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलट ठेवायचे. घूं दोघींत सारखीच शिरते आणि उलट जोडणीने एकमेकींना खाते. तारेचा स्वर दोनदा उलटा होतो, म्हणजे सुलटा, आणि टिकतो. जाडी हा त्याचा जोडपरिणाम. कॉइल एकापुढे एक जोडल्या की वरचे स्वर दबतात. शिवाय तार शेजारच्या दोन जागी ‘ऐकली’ जाते, त्यात काही बारीक उपस्वर मरतात. पण आजच्या बऱ्याच स्ट्रॅटवर (फेंडरची तीन सिंगल कॉइलची गिटार) मधला पिकअप उलट गुंडाळलेला असतो. तो शेजारच्यासोबत लावा: घूं गायब, आवाज तरी पातळच. म्हणजे बकिंग झालं, जाडी आली नाही.

त्यात जागेचा गुण लोक बकरच्या नावावर खपवतात. ब्रिजपाशी, म्हणजे घोडीपाशी, तार जेमतेम हलते, मूळ स्वर क्षीण पडतो आणि उपस्वर वर येतात, म्हणून तिथला पिकअप तिखट. नेकपाशी, म्हणजे गिटारच्या मानेकडे, मूळ स्वराचा झोल मोठा, म्हणून तिथला गोल. तंबोऱ्यात स्वयंभू गंधार ऐकणाऱ्याला उपस्वर समजावायला नकोत. ‘नेक पिकअप २४व्या फ्रेटच्या, म्हणजे पडद्याच्या, जागी बसतो, त्यातच गोडवा’ ही पोथी काही जाणकार अजून वाचतात. त्या जागी चौथा उपस्वर मरतो खरा, पण मोकळ्या तारेवर. पाचव्या फ्रेटवर बोट ठेवलंत की तारेची लांबी बदलली, पोथी मिटली.

आणखी एक. स्ट्रॅटवरच्या पिकअप निवडायच्या बटणाच्या दुसऱ्या आणि चौथ्या खटक्याला ‘आउट ऑफ फेज’, म्हणजे एकमेकांच्या उलट लहरींचा, म्हणू नका. तिथे दोन्ही पिकअप एकाच फेजमध्ये, समांतर जोडलेले असतात. १९७७पर्यंत खटकेच तीन होते, वादक मधे अडकवून तो आवाज काढायचे, तेव्हापासून हे नाव चिकटलं आहे. खरं आउट ऑफ फेज ऐकायचंय? ब्लूज गिटारवादक पीटर ग्रीनची १९५९ची गिब्सन लेस पॉल गिटार, तीही दोन्ही पिकअप एकत्र लावलेली. नेक पिकअपचं चुंबक उलटं बसलेलं, म्हणून तो पोकळ, नाकातला आवाज. आणि दोन्ही पिकअप हमबकरच!