२० टक्के योजनेतलं घर लागलंय आणि बिल्डर वरचे पैसे मागतोय? आधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचून आमचेच दिवस आठवले. तुम्हाला म्हाडाच्या सोडतीत २० टक्के योजनेतलं (बिल्डरच्या प्रकल्पातला २० टक्के वाटा कमी कमाईवाल्यांच्या लहान घरांसाठी) घर लागलं, आता बिल्डर क्लब हाउस, पार्किंग आणि 'विकास खर्च' वेगळा मागतोय. म्हाडात गेलं की बिल्डरशी बोला, बिल्डरकडे गेलं की म्हाडाला विचारा. आमचंही अगदी असंच झालं होतं.

उत्पन्नमर्यादा, कागदपत्रं वगैरे तुम्ही पार केलंच आहे. पण एक पक्कं धरा, हे घर बिल्डरची मेहेरबानी नाही. ४,००० चौ. मी. किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधायचं तर लहान घरांचा हा वाटा ठेवावाच लागतो, परवानगीच त्या अटीवर मिळते.

आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते एक सरकारी कार्यालय. नाव लिहीत नाही. बँकेला एवढंच लेखी हवं होतं की घराची एकूण किंमत किती आणि त्यावर बिल्डर काय घेऊ शकतो. साहेब तोंडी म्हणायचे, "जास्त देऊ नका." कागदावर मात्र एक ओळ देईनात. कधी साहेब मीटिंगला, कधी फाइल दुसऱ्या टेबलावर. त्यात कर्जमंजुरीची मुदत संपली, प्रोसेसिंग फी पुन्हा भरली, तोवर व्याजदरही चढला. घराचे पैसे भरायची तारीख मात्र कुणी पुढे ढकलली नाही. अजून संताप येतो. योजना कमी कमाईवाल्यांसाठी, आणि रजा टाकून, पगार कापून खेटे घालायचे तेही त्यांनीच!

शेवटी माहिती अधिकार कामाला आला. तिथे मत विचारू नका, 'मत देता येत नाही' असं उत्तर येतं. कागद मागा: बांधकाम परवानगी तिच्या अटींसकट, आणि किंमत ठरवल्याचं पत्र. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, म्हणून अर्ज आजच टाका. त्या प्रती टेबलावर ठेवल्यावर बिल्डरच्या माणसाची भाषा बदलली.

मी वकील नाही, प्रत्येक प्रकल्पाची कागदपत्रं वेगळी असतात. तरी माझं मत ठाम आहे: जादा रकमेची मागणी ईमेलवर आल्याशिवाय रुपयाही देऊ नका, रोख तर नाहीच. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, त्यानुसार करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. उघडं पार्किंगही विकता येत नाही. मुद्रांक आणि नोंदणी शुल्क मात्र वेगळं धरा.

आणि बँकेत मंजुरीची मुदत वाढवायचा अर्ज मुदत संपायच्या आत द्या, पोच घेऊन.