थेल्स चुकला, मग तो शिकायचा कशाला?

प्रश्न : ताई, नमस्कार. रावेर तालुक्यात माझी केळीची शेती आहे. मुलगी जळगावला बी.ए.ला तत्त्वज्ञान शिकते. सुटीत घरी आली की मोठ्यानं वाचत बसते. थेल्स म्हणाला सगळं पाण्यापासून झालं, दुसरा म्हणाला हवेपासून. मी दहावीपर्यंत शिकलोय, पण हे खरं नाही एवढं मलाही कळतं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या चुका पाठ करून पोरीला काय मिळणार? राग मानू नका.
— एक शेतकरी वाचक

उत्तर : भाऊ, राग कसला? प्रताप शेठजींसारख्या गिरणीमालकानं १९१६ साली ज्या गावात तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, त्या अमळनेरला मी ३१ वर्षं हा विषय शिकवला. इतका सरळ प्रश्न माझ्या वर्गात कुणी विचारला नाही.

थेल्स मिलेटसचा. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं ते बंदर, काळ इ.स.पू. सहावं शतक. भूकंप झाला की लोक म्हणत, समुद्रदेव कोपला. थेल्स म्हणाला, पृथ्वी पाण्यावर तरंगते, ते हललं की तीही हलते. उत्तर चुकलंच. पण केळीवर करपा आला आणि शेजारी म्हणाला ‘बागेला दृष्ट लागली’, तर पुढं बोलायला काही उरत नाही. ‘लागवड दाट झाली, हवा खेळत नाही’ असं म्हणाला, तर तुम्ही बागेत जाऊन बघू शकता आणि त्याला खोटंही पाडू शकता. थेल्सचं उत्तर या दुसऱ्या जातीचं होतं.

आणि त्याला खोटं पाडणारा त्याच गावात निघाला. ॲनॅक्झिमँडर, परंपरेनं थेल्सचाच शिष्य. पृथ्वी पाण्यावर टेकली म्हटलं, तर पाणी कशावर टेकलंय हा प्रश्न उरतोच. ॲनॅक्झिमँडरनं टेकूच काढून टाकला. त्याचं म्हणणं असं, की पृथ्वी सगळ्या बाजूंनी सारख्या अंतरावर आहे, मग ती अमुकच बाजूला का पडेल? दुर्बीण नव्हती त्या काळी हा विचार कुणाला सुचावा, याचं मला आजही नवल वाटतं. त्याच्यामागून आलेला ॲनॅक्झिमेनीस म्हणाला, मूळ हवा आहे. ती विरळ झाली की आग होते, दाटत गेली की ढग, पाणी, माती, दगड. पुरावा म्हणून त्यानं काय दिलं ते घरी करून बघा. तळहातावर तोंड उघडून ‘हाऽऽ’ करत श्वास सोडा, गरम लागेल. आता ओठ आवळून फुंकर मारा, गार लागेल. त्याचा निष्कर्ष आज टिकत नाही, पण पुरावा ज्याला त्याला स्वतःच्या हातावर तपासता येतो.

एकाच गावात लागोपाठ तिघं, आणि प्रत्येकाचं उत्तर आधीच्यापेक्षा वेगळं. मुलीच्या पुस्तकात ही तीन वाक्यं एकाखाली एक छापलेली असतील, म्हणून ती चुकांची यादी वाटते. मला त्यात एक भांडण ऐकू येतं आणि ते फार मोलाचं वाटतं.

पुढं अथेन्सचा सॉक्रेटिस आला. त्याची आई सुईण होती, आणि आपणही आईचंच काम करतो असं तो म्हणे. माझी आजी तापीकाठच्या गावात सुईण होती, म्हणून हे वाचलं तेव्हा मला शिकवावं लागलं नाही. आजी बाळंतिणीजवळ बसून सारखी विचारायची, ‘आते कसं वाटस?’ कळा त्या बाईच्या, बाळही तिचंच, आजीचा फक्त हात आणि प्रश्न. सॉक्रेटिस सेनापतीला विचारी, शौर्य म्हणजे काय? उत्तर आलं की त्यातून पुढचा प्रश्न काढी. इ.स.पू. ३९९ मध्ये, सत्तरीच्या या म्हाताऱ्याला नगराचे देव मानत नाही आणि तरुणांना बिघडवतो म्हणून विष पाजून मारलं.

तुमच्या शंकेला खरं बळ मिळतं ते ॲरिस्टॉटलपाशी. सॉक्रेटिसचा शिष्य प्लेटो, त्याच्या अकादमी या शाळेत २० वर्षं काढून त्यानं गुरूच्या मुख्य सिद्धांतालाच विरोध केला. कोंबडीच्या अंड्यात तीन दिवसांनी दिसणारा, धडधडणारा रक्ताचा ठिपका त्यानं नोंदवून ठेवलाय. त्याच माणसानं बायकांना पुरुषांपेक्षा दात कमी असतात असं लिहिलं आणि काही माणसं जन्मतःच गुलाम असतात असंही. दातांचं तर घरातल्या बाईला तोंड उघडायला सांगितलं असतं तरी कळलं असतं. हे मी वर्गात कधी लपवलं नाही. थेल्सच्या चुकीनं नुकसान झालं नाही, कारण शिष्यानं ती लगेच धरली. ॲरिस्टॉटलला मात्र पुढं शतकानुशतकं युरोपात जवळजवळ वेदवाक्य मानलं गेलं.

जड दगड हलक्यापेक्षा वेगानं पडतो, हेही त्याचंच. गॅलिलिओनं १६३८ च्या ग्रंथात विचारलं, दोन्ही दगड एकत्र बांधले तर? हलका जडाला मागं ओढेल, म्हणजे वेग कमी. पण दोघांचं मिळून वजन वाढलं, म्हणजे वेग जास्त. दोन्ही एकदम कसं होईल? प्रश्न विचारून समोरच्याला त्याच्याच बोलण्यात अडकवायची ही सॉक्रेटिसची रीत. ग्रीकाची चूक ग्रीकांच्याच हत्यारानं निघाली.

मुलगी पुन्हा वाचायला बसली की तिला विचारा, थेल्सला पाणीच का सुचलं असेल? ॲरिस्टॉटलचा अंदाज असा, की सगळ्यांचं अन्न ओलं असतं आणि बीसुद्धा ओलसर. केळीचं खोड कापलं की विळ्यावरून पाणी गळतं, ते तुम्ही रोज बघता. तिच्याशी वाद घाला. तुमच्याइतका जाणकार वादी तिला वर्गात मिळायचा नाही.

प्रश्न : पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख पाहिला. आपल्या ज्योतिषात ग्रीकांचं काही आहे, असं तिथं कुणी म्हणालं. खरं का?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : खरं आहे. पत्रिकेतले ‘होरा’, ‘केंद्र’, ‘जामित्र’ हे शब्द ग्रीक भाषेतून संस्कृतात आले. ज्या शिलालेखापाशी तुम्ही उभे होतात, त्यात त्याच नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. त्याच्या सहा-सातशे वर्षं आधी वराहमिहिर या ज्योतिषानं लिहून ठेवलं, की यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्याकडे नीट आहे, म्हणून ऋषींसारखा त्यांचाही मान राखला जातो. त्यानं पाच सिद्धांत, म्हणजे खगोलगणिताचे ग्रंथ, शेजारीशेजारी ठेवून तपासले. पौलिश अचूक, रोमक त्याच्या जवळपास (हे दोन यवनांकडून आलेले मानतात), सौर सर्वांत स्पष्ट, आणि उरलेले दोन फार लांब गेलेले. त्या दोहोंपैकी एक ब्रह्मदेवाच्या नावाचा होता, दुसरा वसिष्ठांच्या.