दुसरा क्लास नेमका केव्हा घ्यावा?

पावसाळ्यात संध्याकाळचे बाहेर पडणे बंद झाले की फासे आणि पात्रपत्रिका कपाटातून बाहेर येतात आणि त्यांच्यामागोमाग प्रश्नही येतात. या खेपेचे बहुतेक प्रश्न ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रे रंगवून खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीतल्या मल्टिक्लासिंगविषयी, म्हणजे एकाच पात्राने एकाहून अधिक क्लासच्या (पेशांच्या) लेव्हल, म्हणजे वाढीच्या पायऱ्या, घेण्याविषयी आहेत.

प्रश्न (फोंडा): माझा फायटर (लढवय्या) चौथ्या लेव्हलवर आहे. पुढची लेव्हल विझार्डची (जादूगाराची) घ्यावी, असे मनात आहे. सोबतचे म्हणतात, की नवा क्लास तळापासून सुरू होतो, त्यामुळे तीनशे एक्सपीत (अनुभवगुणांत) काम भागते. हे खरे आहे का? पात्राची स्ट्रेंग्थ (ताकद) १७ आणि इंटेलिजन्स (बुद्धी) १२ आहे.

उत्तर: खरे नाही. एक्सपीचा हिशेब क्लासच्या नव्हे, तर पात्राच्या एकूण लेव्हलवर चालतो. चौथ्या लेव्हलला एकूण २,७०० एक्सपी लागतात आणि पाचवीला ६,५००. म्हणजे मधले ३,८०० मिळवल्याशिवाय तुम्हाला कोणत्याही क्लासची पुढची लेव्हल मिळणार नाही. शिवाय सध्याचा आणि नवा अशा दोन्ही क्लासच्या मुख्य क्षमता किमान १३ असाव्या लागतात. फायटरसाठी स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी (चपळाई) चालते, विझार्डसाठी मात्र इंटेलिजन्सच हवा आणि तो तुमच्याकडे एका गुणाने कमी आहे.

हा एक गुण कमी पडला, हे एका परीने बरेच झाले, कारण चौथ्या लेव्हलवरून फायटर सोडणे ही मी टेबलावर सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. पाचव्या लेव्हलला फायटरला एक्स्ट्रा अटॅक, म्हणजे एका खेपेला दुसरा वार, मिळतो आणि त्याच सुमारास तुमच्या गटातला निखळ विझार्ड फायरबॉल हा आगीचा मंत्र टाकू लागतो. अशा वेळी तुम्ही विझार्डची पहिली लेव्हल घेतलीत, तर एकूण लेव्हल पाचवी झाल्यामुळे प्रोफिशियन्सी बोनस (फाशात मिळवायचा कसबाचा आकडा) +३ होईल खरा, पण वार एकच राहील, सरासरीने धरल्यास हिट पॉइंट (मार सोसण्याची ताकद) सहाऐवजी चारच वाढतील आणि दुसऱ्या वारासाठी आणखी ७,५०० एक्सपी वाट पाहावी लागेल. तेवढ्या काळात किती सत्रे जातात, ते डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, विचारून पाहा.

माझा सल्ला असा, की पाचवी आणि सहावी लेव्हल फायटरचीच घ्या. फायटरला सहाव्या लेव्हलला इतर क्लासना न मिळणारी एक जादा क्षमतावाढ मिळते. तिचे दोन गुण वाटून घेतलेत, तर स्ट्रेंग्थ १८ आणि इंटेलिजन्स १३ होईल आणि सातव्या लेव्हलला विझार्डचा दरवाजा उघडेल. सुरुवात फायटरने केल्याचा फायदा तेव्हा कळेल. जड चिलखत वापरण्याचे प्रशिक्षण तुमच्याकडे पहिल्यापासून असल्यामुळे ते अंगावर असतानाही मंत्र टाकता येतील. आधी विझार्ड आणि मग फायटर असा क्रम असता, तर मल्टिक्लासच्या नियमानुसार जड चिलखताचे प्रशिक्षण मिळालेच नसते. एक गोष्ट मात्र आधीच ठरवून ठेवा: एका हातात तलवार आणि दुसऱ्यात ढाल असेल, तर हस्तमुद्रा लागणाऱ्या मंत्रासाठी हात मोकळा कुठून आणणार?

प्रश्न (म्हापसा): माझे पात्र क्लेरिक (पुजारी) ३ आणि विझार्ड ३ असे आहे. तक्त्यात मला तिसऱ्या पातळीच्या मंत्रांचे स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी) दिसतात, तरी डीएम फायरबॉल हा तिसऱ्या पातळीचा मंत्र वहीत उतरवू देत नाही. नियम कोणाच्या बाजूने आहे?

उत्तर: डीएमच्या बाजूने आहे. हा घोटाळा जाणत्यांचाही होतो. स्लॉट मोजताना क्लेरिक आणि विझार्ड या दोन्ही पूर्ण जादूच्या क्लासच्या लेव्हल एकत्र धरतात, म्हणून तुम्हाला सहाव्या लेव्हलचे स्लॉट मिळतात: पहिल्या पातळीचे चार, दुसऱ्या पातळीचे तीन, तिसऱ्या पातळीचे तीन. कोणते मंत्र येतात हे ठरवताना मात्र प्रत्येक क्लास एकटाच आहे असे समजायचे असते. तिसऱ्या लेव्हलच्या विझार्डला दुसऱ्या पातळीपर्यंतचेच मंत्र येतात, क्लेरिकलाही तेवढेच. म्हणून फायरबॉलची गुंडाळी हाती लागली तरी तुम्हाला तो मंत्र वहीत उतरवता येत नाही.

मग त्या तीन स्लॉटचे करायचे काय? खालचे मंत्र वरच्या स्लॉटमधून टाकायचे. मॅजिक मिसाइलचे तिनाऐवजी पाच बाण होतात, स्कॉर्चिंग रेचे तिनाऐवजी चार किरण होतात. पण हे सरसकट लागू होत नाही. २०१४ च्या पुस्तकानुसार स्पिरिच्युअल वेपनचा मारा दर दोन पातळ्यांनी वाढतो, म्हणजे तिसऱ्या पातळीचा स्लॉट त्यावर खर्चणे निव्वळ वाया जाते. मंत्राच्या वर्णनातला शेवटचा परिच्छेद वाचल्याशिवाय वरचा स्लॉट खर्चू नये.

याच ओघात सांगून टाकतो: पॅलाडिन आणि रेंजर या थोडी जादू येणाऱ्या लढवय्या क्लासच्या लेव्हल स्लॉटसाठी निम्म्या धरतात आणि त्यात विषम आकडा आला, तर २०१४ च्या नियमांत तो खाली, तर २०२४ च्या नियमांत वर नेतात. टेबलावर दोन्ही पुस्तके असतील, तर कोणते चालू आहे हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. वॉरलॉक या आणखी एका जादूच्या क्लासचे स्लॉट या बेरजेत येतच नाहीत.

प्रश्न (मडगाव): मी पूर्वी जुनी आवृत्ती खेळलेलो आहे. त्या वेळी माणूस असलेल्या पात्राला मल्टिक्लास करता येत नव्हते, असे मुलाला सांगितले तर तो हसतो.

उत्तर: तुमची आठवण पक्की आहे. १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीच्या हँडबुकात मल्टिक्लास एल्फ, ड्वार्फ वगैरे मानवेतर पात्रांसाठीच होता आणि मिळालेले एक्सपी सर्व क्लासमध्ये सारखे वाटले जात. माणसाला ड्युअल क्लासचा मार्ग होता, म्हणजे जुना क्लास कायमचा थांबवून नवा सुरू करायचा. त्यासाठी जुन्या क्लासच्या मुख्य क्षमतेत १५ आणि नव्याच्या क्षमतेत १७ गुण लागत. लेव्हलगणिक क्लास निवडण्याची आजची मोकळीक २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासूनची आहे. मुलाला एकदा त्या जुन्या गुणांनी पात्र करायला लावा.

प्रश्न (साखळी): मी डीएम आहे. पाऊस, परीक्षा आणि चवथ (गणेश चतुर्थी) यांमुळे दर सत्राला कोणीतरी गैरहजर असतो. गैरहजरांना एक्सपी द्यावेत का?

उत्तर: द्यावेत. मी स्वतः एकदा शिस्त म्हणून दिले नव्हते. चवथीला अकरा दिवस घरी अडकलेल्या खेळाडूचे पात्र दोन लेव्हल मागे पडले, प्रत्येक लढाईत तेच आधी कोसळू लागले आणि दसऱ्यापर्यंत तो खेळाडू येईनासा झाला. सर्वांत सोपे म्हणजे एक्सपी सोडून सर्वांची लेव्हल एकदमच वाढवणे. २०१४ च्या डीएमसाठीच्या पुस्तकात सत्रांवर चालणारा एक हिशेब दिला आहे: पहिल्या सत्रानंतर दुसरी लेव्हल, आणखी एकानंतर तिसरी, त्यापुढे दोन सत्रांनी चौथी आणि मग दर दोन-तीन सत्रांना एक. मल्टिक्लास करणाऱ्यांसाठी हा हिशेब आधी जाहीर करणे विशेष गरजेचे असते, कारण मोहीम आठव्या लेव्हलला संपणार असेल, तर बाराव्या लेव्हलला फळणारी योजना कोणी आखणार नाही.

प्रश्न (डिचोली): क्लास आणि लेव्हल नसलेले खेळ असतात का? त्यात पात्र वाढते कसे?

उत्तर: असतात. १९८१ पासून चालत आलेला ‘कॉल ऑफ कथुलू’ घ्या. तिथे पात्राला क्लास नाही, व्यवसाय असतो आणि प्रत्येक कौशल्यापुढे टक्के लिहिलेले असतात. खेळात एखादे कौशल्य यशस्वी झाले, की त्यापुढच्या चौकोनात खूण करायची. पुढे डीएमच्या जागी असलेला कीपर सांगेल तेव्हा खूण केलेल्या प्रत्येक कौशल्यासाठी शंभराचा फासा टाकायचा आणि आकडा त्या कौशल्याहून जास्त आला तरच ते दहाच्या फाशाइतके वाढते. त्यामुळे नवशिक्या झपाट्याने शिकतो आणि मुरलेल्याला नवे काही क्वचितच मिळते, जसे आरतीला घुमट हे मातीचे चर्मवाद्य नव्याने हाती घेतलेला मुलगा एका चवथीत ओळखू येण्याइतका सुधारतो, पण वीस वर्षे घुमट वाजवणाऱ्याच्या हातातला फरक शेजारी शामेळ (साथीचे तालवाद्य) घेऊन बसलेल्यालाच कळतो. खुणा पेन्सिलने करा, त्या दर वेळी खोडाव्या लागतात.