गाळू नकोस

प्रिय,

रात्री दीडला मेसेज करतोस म्हणजे झोप उडालीय. त्या सिनेमात चार दिवस काम केलंस, पैसे घेतलेस, आणि आता तो कुणाच्या जिवावर उठलाय हे दिसल्यावर विचारतोस, बायोडेटातून गाळू का? गाळू नकोस.

जर्मन दिग्दर्शक वोल्फगांग श्टाउटे मूळचा नट. आईबापही नटच. बर्लिनच्या फोल्क्सब्युन नाट्यगृहात, राजकीय नाटकं बसवणाऱ्या पिस्काटोरच्या नाटकांत वावरलेला, डाव्या विचारांचा. १९३३ साली नाझी आले आणि त्याचा रंगमंच गेला. मग जाहिरातपट, किरकोळ भूमिका. आणि १९४० मध्ये ‘यूड झ्यूस’ या विखारी ज्यूद्वेष्ट्या चित्रपटात एक छोटं काम. नाही म्हटलं असतं तर आघाडीवर धाडलं असतं, असं तो पुढे सांगायचा. असेलही खरं.

युद्ध संपल्यावर पटकथा घेऊन तो अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच अधिकाऱ्यांकडे हिंडला. कुणी दाद दिली नाही. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी परवानगी दिली, पण अट घातली: नायक शेवटी युद्धात निरपराधांना मारवणाऱ्या कॅप्टनला गोळी घालतो, ते बदल. त्याने बदललं. ऑक्टोबर १९४६ मध्ये ‘मारेकरी आपल्यातच आहेत’ झळकला, युद्धानंतरचा पहिला जर्मन चित्रपट. ढिगाऱ्यांच्या बर्लिनमध्ये तो कॅप्टन सैनिकांच्या हेल्मेटांची पातेली करून विकतोय. छान नवरा, छान बाप. नावातलं ‘आपल्यात’ नीट वाच. स्वतःची जुनी ओळ खोडून टाकलेल्या माणसाला तो शब्द सुचला नसता, असं मी मानतो. पुढे १९५१ चा त्याचा ‘डेर उंटरटान’ हा चित्रपट पश्चिम जर्मनीत कित्येक वर्षं अडवून ठेवला. घरचीच घाण चव्हाट्यावर आणणारा, म्हणून तिथे शिव्या खाल्ल्या त्याने. तरी खरकटं उकरणं थांबवलं नाही.

आता लगेच ‘मग मीही एक सिनेमा काढतो’ म्हणू नकोस. ते नंतर. आधी ती ओळ राहू दे. कुणी विचारलं तर सांग: होय, मी होतो. सबब जोडू नकोस. सबब जोडली की ओळ गाळल्यासारखीच.

मी एका मालिकेचे अडीचशे भाग लिहिले. बाईला बडवून वळणावर आणायची, असली मालिका. माझ्या बायोडेटात ती नाही. आई दवाखान्यात होती, घरभाडं थकलं होतं, आणि तेव्हा सगळेच... बघ, तू विचारलंही नाहीस.

उद्या तुझा बायोडेटा पाठव, सिनेमाच्या नावासकट, सालासकट. माझाही काढून ठेवलाय टेबलावर. एक ओळ घालायची आहे. अजून घातलेली नाही.

तुझा,
काका